जनूची माशी

“खिशात टेस्टर, पोटात क्वार्टर.”

जनू गेल्यावर त्याच्या चामटोली गावात त्याच्याबद्दल हे असं बोलायचे. माझ्या कानावर पहिल्यांदा आलं ते माझ्याच दुकानात. एक साउंडवाला ॲम्प्लिफायर घेऊन आला होता, त्यानं हसत हसत ऐकवलं. मी त्याचा ॲम्प्लिफायर उचलून त्याच्याच हातात ठेवला आणि म्हटलं, “दुरुस्त होणार नाही. नीघ.” एवढंच. खरं तर कानाखाली वाजवायला हवी होती. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कुणालाही विचारा, अंजनीबाईचं तोंड कसं आहे. शेजारचा सिंधी शेठ गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवतो, “साईं, काम एक नंबर, बस भाव मत करना, डाँटेगी.” असं माझं तोंड. पण जनूसाठी ते वर्षभर उघडलं नाही, माझी दातखीळ बसली होती. का बसली, ते आता सांगते. मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर पुन्हा बसेल.

जनू चामटोलीचा आगरी. घरची थोडी भातशेती भाऊ बघायचा, आणि हा आनंदनगर एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात वायरमन. एकवीस वर्षं एकाच कारखान्यात. बारीक अंगाचा, डोक्याला चपचपीत तेल, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला. लग्नाचा सीझन सुरू झाला की हा शिफ्ट बदलून घ्यायचा आणि हळदीच्या बँजो पार्टीत बेस गिटार वाजवायचा. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठं काम. बँजो, कीबोर्ड, ढोलकी, भिंतीएवढे स्पीकर आणि अख्खं गाव अंगणात. त्या गदारोळात बेस कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण तो थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. जनू स्वतःही तसलाच होता. असला की कुणाचं लक्ष नाही, नसला की सगळं अडायचं.

कारखान्यात त्याला एक सवय लागली होती. पॅनेल तपासून झालं की त्यावर हिरव्या टेपची नखाएवढी पट्टी लावायची. म्हणजे हे तपासलंय, हात लावायला हरकत नाही. ही पट्टी त्यानं घरीही नेली. बायकोनं, काशीनं, नवीन इस्त्री आणली, तिला आधी टेस्टर, मग हिरवी पट्टी. गणपतीच्या लाइटच्या माळेला हिरवी पट्टी. हळदीत सगळे जेवायला गेले की हा मांडवात एकटा मागे थांबायचा, प्रत्येक माईकला टेस्टर लावायचा आणि दांडीच्या गळ्याशी पट्टी चिकटवायचा. पार्टीतला बँजोवाला अल्पेश त्याला चिडवायचा, “जनूदादा, नवरीला पण लाव एक पट्टी.” जनू म्हणायचा, “ती नवऱ्याची जबाबदारी, माझी नाय.”

आणि तो प्यायचा नाही. हे नीट ऐका, कारण सगळं यावर येऊन थांबतं. काशीचा बाप दारूनं गेला. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, की ज्या दिवशी तोंडाला वास येईल त्या दिवशी मी माहेरी. हळदीच्या पार्टीतला माणूस आणि दारू नाही, हे कुणाला पटणार? पहिलं वर्षभर तो घरी आला की काशी दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. मग एके दिवशी तिनं ते सोडून दिलं. मला जनूनंच सांगितलं होतं हे, आणि सांगताना स्वारी अशी खूश, जणू लॉटरीच लागलीय.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला त्याला बारा-तेरा वर्षं झाली. सेकंडहँड बेस काखेत, आणि हातात सिमेंटच्या गोणीच्या कागदावर काढलेलं डायग्राम.

“ताई, दोन कामं आहेत. एक म्हणजे टोनचा नॉब आतून तोडून टाका. नॉब तिथंच राहू दे, फिरू दे, पण कशाला जोडलेला नको.”

“मग ठेवायचा कशाला?”

“हळदीत नवऱ्याचा मामा टाइट होऊन येतो आणि माझा नॉब फिरवतो. फिरवू दे. त्याला वाटलं पाहिजे की आवाज त्यानं सुधारला.”

मी एवढी हसले की हातातली सोल्डरिंगची कावी खाली पडली. दुसरं काम ऐकलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

बेसच्या पोटात, झाकणाखाली, दोन नॉब आणि थोड्या वायरी असतात. त्यातली एक बारीक वायर ब्रिजखाली जाते. ब्रिज म्हणजे तारा जिथं अडकवतात तो पत्रा. त्या वायरीमुळे तारा ॲम्प्लिफायरच्या लोखंडी बॉडीला जोडल्या जातात. तारांना हात लागला की गुणगुण बंद होते, म्हणून ती वायर असते. बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींना असते. जनू म्हणाला, ती काप.

“डोकं फिरलंय का तुझं? गुणगुणेल ना तो.”

“गुणगुणू दे,” तो म्हणाला. “ताई, हळदीत लाइट कुठनं येते तुम्हाला माहितीये. माईक जनरेटरवर, माझा ॲम्प कुणाच्या तरी ओटीवरच्या बोर्डावर. अर्थिंगची पिन कुणीतरी पक्कडनं तोडलेली असते, प्लग बसत नाही म्हणून. ॲम्पच्या बॉडीत करंट आला तर तो तारांत येणार. माझा हात तारांवर आणि तोंड माईकला. मधला फ्यूज कोण? मीच.”

माझं शिक्षण अंबरनाथच्या आयटीआयमधलं, पण हे मला एका वायरमननं कागदावर काढून शिकवलं. मी ती वायर कापली, मध्ये एक रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर बसवला. म्हणजे गुणगुण अर्धी कमी होते, पण माणूस मरेल एवढा करंट पुढे जात नाही. अर्धी उरली ती उरलीच. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक गुं गुं यायचं. पार्टीवाले तिला जनूची माशी म्हणायला लागले. “जनूदादा, माशी मार ना रे!” जनू म्हणायचा, “ती हाय म्हणून मी हाय.” बारा वर्षं त्यानं ती माशी सांभाळली.

त्याची मुलगी करिष्मा. एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि बापाच्याच बेसवर शिकलेली. तिनं स्वतः एक गाणं लिहिलं होतं, बदलापूरला एका स्टुडिओत रेकॉर्ड करायचं ठरलं. जनू महिनाभर दुकानात येऊन तेच बोलायचा. मंगळवारी करिष्मा बेस घेऊन माझ्याकडे आली, डोळे भरलेले.

“मावशी, स्टुडिओवाला बोलतो ही माशी रेकॉर्डिंगमध्ये नाही चालणार. ती वायर परत जोड ना. दोनच दिवस. शुक्रवारी आणून देते, मग परत काप. बाबांना नको सांगूस, ते ऐकणारच नाहीत.”

स्टुडिओ फ्लॅटमध्ये, अर्थिंग नवीन, धोका काही नाही. मी जोडून दिली. यात मी चुकले नाही, आजही म्हणते. पोरगी शब्दाची पक्की, बेसचं रेकॉर्डिंग उरकून, गायचं बाकी ठेवून, शुक्रवारी सकाळी बेस आणून टाकला. “मावशी, आठवणीनं काप हां.” मी म्हटलं, “ठेव तिथं. आता तू मला शिकव.”

ते काम पाच मिनिटांचं होतं हो! पाच मिनिटांचं. पण लग्नाचा सीझन, दुकानात ॲम्पचा ढीग, प्रत्येकाला आजच पाहिजे. शनिवारी दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर जनू दारात उभा राहिला. संध्याकाळी बदलापूरच्या पुढे हळद होती. करिष्मानं त्याला सांगितलं होतं की सॉकेट ढिलं झालं म्हणून टाकलाय.

आता मी म्हणायला हवं होतं, थांब पाच मिनिटं. म्हटलं नाही. समोर चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि काम झालेलं नाही हे त्यांच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी बेस ॲम्पला लावून दाखवला. जनूनं तारांवर हात ठेवला आणि कान पुढे केला.

“ताई, माशी कुठं गेली?”

“आतून तांब्याचा पत्रा लावलाय. गप्प झाला.”

खोटं. तोंडातून निघालं तेव्हा मलाच नवल वाटलं. जनूनं पुन्हा तारांवर हात टाकला, उचलला, पुन्हा टाकला. मग हळूच विचारलं, “पण वायर कापलेलीच हाय ना?”

आणि मी चिडले. खोटं बोलणाऱ्याला राग लवकर येतो. “बारा वर्षं माझ्याकडे काम करून घेतोस आणि आता संशय? खोलून बघायचंय? घे स्क्रूड्रायव्हर!” मला माहीत होतं तो घेणार नाही. माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. जनू ओशाळला. “तसं नाय ताई, सॉरी. सवय हाय विचारायची.” मग खूप आनंदानं म्हणाला, “बारा वर्षांत पहिल्यांदा एवढा साफ वाजतोय. आज करिष्माचं गाणं वाजवतो यावर.” तो गेला. मी मनात म्हटलं, सोमवारी बोलावून कापून टाकू, एका हळदीनं काय होतंय.

पुढचं मी पाहिलं नाही, करिष्मा आणि अल्पेशनं सांगितलं. सहा-साडेसहा वाजले होते, अजून चांगला उजेड होता. सगळे जेवून आले, वाद्यांपुढे नारळ फुटला. पहिलं गाणं झालं. जनू कधी माईकवर बोलायचा नाही, त्या दिवशी बोलायला पुढे झाला. डावा हात तारांवरच होता. “माझ्या करिष्मानं...” एवढंच बोलला. ओठ माईकला लागले आणि तो तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं बापाचा गळा दाटून आला. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. मग तो बेससकट पडला.

ॲम्पची बॉडी करंट मारत होती. पोलिसांनी पंचनामा केला, अपघात लिहिला. पोस्टमॉर्टेममध्ये शॉक. बेस कुणी खोलला नाही, कशाला खोलतील? पण गावात कोडं पडलं. एवढा पक्का वायरमन, खिशात टेस्टर, आणि शॉकनं मेला? हळद होती ना, मग पिऊनच असणार. नशेत टेस्टर लावायचा राहिला असणार. कुणीतरी ते यमक जुळवलं आणि ते सुटलं गावभर.

दहाव्याला मी बदलापूरला नदीवर गेले होते. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर ढिगानं, पण एक खाली येईना. भाऊ म्हणाला, शेताचं मी बघतो. नाही. करिष्मा हुंदके देत म्हणाली, “बाबा, गाणं पूर्ण करते.” नाही. काशी म्हणाली, “पोरीला शिकवीन, लवकर उजवनार नाय.” तरी नाही. तासभर झाला, ऊन चढलं. मला माहीत होतं त्याला काय ऐकायचंय. माझ्या तोंडात आलं होतं, अगदी दाताशी आलं होतं. जनू, वायर मी कापली नव्हती रे. पण चाळीस माणसं उभी होती, साउंडवाले होते, माझी गिऱ्हाइकं होती. मी पदर तोंडात धरला आणि गप्प राहिले.

मग गर्दीतनं एकानं खिशातली क्वार्टर काढली. झाकण उघडून पिंडाजवळ ठेवली. आणि कावळा आला. लगेच आला. दोन चोची मारून गेला.

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काशी उठली. तिचे डोळे तोपर्यंत सुजलेले होते, ते एकदम कोरडे झाले. पिंडाला पाठ करून ती नदीकाठानं चालत गेली, हात जोडायलाही थांबली नाही. त्यानंतर तिनं भिंतीवरचा फोटो उतरवून कोठीत टाकला, असं करिष्मा सांगायची. पोरीलाही बापाचा राग बसला. “दुनियेला पट्ट्या लावत फिरायचे, आणि स्वतः?” गाणं तसंच अर्धवट राहिलं. तिनं कधी मला विचारलं नाही, मावशी, वायर कापली होतीस ना? तिच्या मनात शंकाही नव्हती. मी तिला म्हटलं होतं ना, तू मला शिकव.

महिन्याभरानं तिनं बेस माझ्याकडे आणून टाकला. घरात नको म्हणाली आई. ती गेल्यावर मी शटर ओढलं, झाकण खोललं. माझा सोल्डरिंगचा टाका तसाच होता, चकचकीत. आणि ऐका, मी काय केलं. कटर घेतला आणि ती वायर कापली. जनूसाठी जे पाच मिनिटांचं काम जमलं नाही, ते मी स्वतःला वाचवायला दोन सेकंदांत केलं. थू माझ्यावर.

तरीही मी बोलले नसते. खरं सांगते, मेले असते तरी बोलले नसते. पण या जानेवारीत त्याच साउंडवाल्यानं माईक विकायला आणले, दांड्यांसकट; जनूच्या शेवटच्या हळदीत पहिल्यांदाच लावलेले, आणि नंतर अपशकुनी म्हणून पडून राहिलेले. एक दांडी मी पुसायला घेतली. वरच्या गळ्याशी धूळ होती, हळदीचा पिवळा डाग होता, आणि त्याखाली नखाएवढी हिरवी पट्टी.

त्यानं टेस्टर लावला होता. पार्टी जेवायला गेली तेव्हा एकटा मागे थांबून लावला होता. माईकला करंट नव्हताच, टेस्टरचा दिवा पेटणारच नव्हता. करंट त्याच्या हाताखालच्या तारांत होता, आणि तारा तपासायची त्याला गरज नव्हती, कारण त्याबद्दल त्यानं मला विचारलं होतं आणि मी चिडून ती वायर कापलेलीच आहे असं त्याला पटवलं होतं. माणूस शुद्धीत होता. सगळं नीट करून मेला.

ती दांडी घेऊन मी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी चामटोलीला गेले. काशी ओट्यावर तांदूळ निवडत होती, करिष्मा दारात उभी होती. मी दांडी काशीसमोर ठेवली, पट्टी दाखवली, आणि सगळं बोलले. मंगळवार, शुक्रवार, शनिवार, तांब्याचा पत्रा, कापलेली वायर. काही गाळलं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत करिष्मा खाली बसली होती. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती तेवढंच म्हणत होती, “मी आणून दिला होता ना मावशी. मी शुक्रवारी आणून दिला होता.”

“हो गं. तू आणून दिला होतास. तुझी काही चूक नाही.”

काशीचा हात तांदळात थांबला. मला वाटलं सूप डोक्यात घालेल. घालावं असंच वाटत होतं. शिव्या द्याव्यात, पोलिसांत ओढावं, दुकान बंद पाडावं. यातलं सगळं सोसायची तयारी मी घरूनच करून आले होते. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. नखानं उकलून बघितली आणि परत दाबून बसवली.

“म्हंजे तो प्यायला नवता,” ती म्हणाली.

“नव्हता.”

“शुद्धीत व्हता.”

“पूर्ण.”

ती उठून आत गेली. कोठीचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात फोटो होता, धुळीनं भरलेला. तिनं तो पदरानं पुसला, काच पुसली, चौकट पुसली, मागची बाजूही पुसली. मग माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही तिचा.

“वरीसभर मी त्याला शिव्या दिल्या, बाय. रोज उठून दिल्या. दारूनं मेलेल्या माज्या बापाबरोबर त्याचं नाव घेतलं.” तिनं काचेवरून पुन्हा पदर फिरवला. “तो मेला त्याचं जाऊ दे. पण माज्या नवऱ्यासाठी तू मना रडू पन नाय दिलंस.”

आणि ती तिथंच, तांदळाच्या सुपाशेजारी, फोटो पोटाशी धरून रडायला लागली. मी उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.